पहिल्या ‘नको’लाच ते थांबतात. नाकारलेलं आमंत्रण परत कसं मागायचं?

माणकाठ | १४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

मी सांगोला तालुक्यातला. राहुरीला कृषी अभियांत्रिकी केलं आणि ऑगस्टपासून आयोवात एमएस करतोय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे माझे गाइड आणि लॅबमधली माणसं येणार आहेत. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, अडचण माझी आहे.

प्रश्न एका ओळीचा आहे. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या सणाला, घरी येण्याचं आमंत्रण मी ‘नको नको’ म्हणून घालवलं, आता मला जायचंय, तर ते परत कसं मागू? एवढंच लिहिलं तर तुम्ही म्हणाल, फोन कर आणि विचार. ते मला का जमत नाहीये हे सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आमच्या घरी पाहुण्यानं पहिल्यांदाच ‘हो’ म्हणायची रीत नाही. चहा विचारला की ‘आत्ताच झाला’. जेवायला बसा म्हटलं की ‘नको, पोट भरलंय’. मग आई म्हणते, ‘अर्धी तरी घ्या’. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो आणि आई हाताच्या कडेनं भाकरी सरकवते. तिसऱ्या वेळी पाहुणा हात काढून घेतो. यात खोटं कुणीच बोलत नसतं. वाढणाऱ्याला माया दाखवायला जागा मिळते आणि खाणाऱ्याला हावरटपणाचा डाग लागत नाही. मी तेवीस वर्षं असाच जेवलोय.

सप्टेंबरात गाइडनी सगळ्या लॅबला घरी बोलावलं होतं. मागच्या अंगणात शेगडीवर चिकन भाजत होते, कणसं होती, बटाट्याचं सॅलड होतं. त्यांच्या बायकोनं जवळ येऊन विचारलं, ‘तुला काही देऊ का?’ मी म्हणालो, ‘नो, थँक यू, आय अ‍ॅम फुल.’ सकाळपासून माझ्या पोटात एक केळं होतं. त्या ‘ओके’ म्हणाल्या, हसल्या आणि पुढच्या माणसाकडे गेल्या. त्या परत येतील म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. आल्या नाहीत. रात्री खोलीवर येऊन आईनं बांधून दिलेला चिवडा खाल्ला. त्या रात्री मला नक्की वाटलं, की या लोकांनी आपल्याला फक्त रीत म्हणून बोलावलंय.

नंतर एक गोष्ट घडली जी मला जास्त लागली. आमचं काम शेतातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे खतातून पाण्यात उतरणारा क्षार, मोजायचं. इथं जमिनीखाली तीन-चार फुटांवर पाइप टाकून शेतातलं जादा पाणी बाहेर काढतात. पाइप आता प्लॅस्टिकचे आहेत, पण नाव जुनंच राहिलंय, ‘टाइल’. आमच्याकडे शेततळ्यात कागद अंथरून, टँकर विकत घेऊन डाळिंब जगवतात. पहिल्या दिवशी तो पाइप ओढ्यात पाणी सोडताना बघितला आणि मी नुसता उभाच राहिलो. वडिलांना फोन लावून पाण्याचा आवाज ऐकवला.

तर ऑक्टोबरात एका पाइपात पातळी मोजणारा सेन्सर बसवला. तो तळाशी टेकलेला नव्हता, जरा वर राहिला होता. पाणी कमी झालं की तो कोरडाच राहणार हे मला दिसत होतं. गाइडनी सगळ्यांना विचारलं, ‘ठीक वाटतंय का?’ मी मान हलवली. एवढा मोठा माणूस, तीस वर्षं हेच काम करतोय, त्यांना दिसलंच असेल. १६ दिवसांनी बघतो तर सगळे आकडे शून्य. पाणी मात्र रोज वाहत होतं, सेन्सरच्या खालून. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘तुला दिसलं होतं का?’ मी हो म्हणालो. ‘मग बोलला का नाहीस?’ याचं उत्तर मला देता आलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आणि त्यांना हाक काय मारू हेही मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणतात नुसत्या नावानं बोलव. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं नाव? मी त्यांना काहीच म्हणत नाही. दारात उभा राहतो, त्यांचं लक्ष जाईपर्यंत.

आता आमंत्रण. लॅबमध्ये पीएचडी करणारी एक मुलगी आहे, इथल्याच शेतकरी घरातली. घर दीड तासावर. गेल्या आठवड्यात शेताकडे जाताना गाडीत तिनं विचारलं, ‘थँक्सगिव्हिंगला कुठे जाणार आहेस? नसशील जात तर आमच्याकडे ये. आई दरवर्षी गरजेपेक्षा जास्त करते.’ माझ्या तोंडून सवयीनं निघालं, ‘नाही नाही, मला काम आहे.’ ती म्हणाली, ‘बरं’, आणि सॅम्पलरच्या, म्हणजे पाण्याचे नमुने घेणाऱ्या यंत्राच्या, बॅटरीबद्दल बोलायला लागली.

मला काही काम नाही. खोलीतली दोघं तेलुगू पोरं डॅलसला नातेवाइकांकडे चाललीत, तिसरा चिनी मुलगा शिकागोला. मेस बंद, त्या दिवशी बस बंद. घड्याळ मागे केल्यापासून पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो. परवा कार्तिकीला वडिलांचा पंढरपुरातून फोन आला, मागे टाळ वाजत होते, आणि त्यांनी विचारलं, ‘जेवलास का?’ फोन ठेवल्यावर मी बराच वेळ दिवा लावला नाही.

एकदा नाही म्हटल्यावर परत मागणं म्हणजे लाचारी दिसेल का? कुणी अशा प्रसंगातून गेलं असेल तर सांगा.

डोंबिवली_एडिसन | १४ नोव्हेंबर

तुम्ही आजच मेसेज करा. उद्यावर टाकू नका.

मी २००१ पासून न्यू जर्सीत आहे. त्या जेवणाची टर्की, म्हणजे कोंबडीसारखा मोठा पक्षी, आठवडाभर आधी आणून ठेवतात. गोठलेली असली तर फ्रिजमध्ये सुटायलाच तीन-चार दिवस जातात, आणि माणसं मोजून किती पाउंडांची आणायची ते ठरतं. आज दोन आठवडे हातात आहेत. आज एक माणूस वाढला तर त्यांना काहीच वाटणार नाही. आदल्या दिवशी विचारलंत तर मात्र अवघड जाईल.

मेसेज साधा ठेवा. ‘तू बोलावलंस तेव्हा मी घाईनं नाही म्हणालो. आमंत्रण अजून असेल तर मला यायला खूप आवडेल. येताना काय आणू?’ एवढंच. कारण नको, दिलगिरीचे तीन परिच्छेद नकोत.

एक गोष्ट मला समजायला काही वर्षं लागली, ती तुम्हाला फुकटात देतो. इथं कुणी ‘कधीतरी भेटू या’ म्हणालं तर ते आमंत्रण नसतं, आपल्या ‘या कधी घरी’सारखं असतं. दिवस आणि घर सांगितलं की ते आमंत्रण. तुम्हाला दोन्ही सांगितली गेली होती. ती मुलगी मनापासून बोलत होती.

खाण्याचं आधी कळवा. गोमांस, डुक्कर खात नसाल तर तसं लिहा. शाकाहारी असाल तर ग्रेव्ही आणि स्टफिंग (पावाचं सारण) विचारून घ्या, दोन्हींत बहुधा टर्कीचं पाणी असतं. रताळ्याच्या गोड पदार्थावर मार्शमेलो असतात, त्यांत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला पदार्थ.

वाई_कृष्णाकाठ | १५ नोव्हेंबर

तुझं वाचून मी काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. ‘दारात उभा राहतो, त्यांचं लक्ष जाईपर्यंत’ इथं मला थांबावं लागलं, कारण २००९ साली मी अगदी तशीच उभी राहायचे. आता मी मिनेसोटात भूजलाचं काम करते, माझ्या हाताखाली विद्यार्थी असतात, आणि त्यांतला कुणी भारतातून आलेला असला की तो दारात उभा असतो. मी तोंड वर करून ‘ये’ म्हणेपर्यंत तो आत येत नाही.

तुझ्या गाइडच्या बायकोचं आधी सांगते. त्या परत आल्या नाहीत कारण त्यांनी तुझा शब्द खरा मानला. इथं दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तू पहिल्यांदा जे बोललास त्यावर माझा विश्वास नाही, असं होतं. पोराबाळांनासुद्धा ‘नाही म्हणालास ना, बरं’ एवढ्यावर सोडतात. माझ्या मुलीच्या मैत्रिणी घरी येतात, मी सवयीनं दुसरी पोळी वाढायला जाते, आणि त्यांतली एक आठ वर्षांची पोर मला गंभीरपणे सांगते, ‘मी नको म्हणाले होते.’ मला पहिल्यांदा फार लागलं होतं ते. मग कळलं की तिला लहानपणापासून शिकवलंय, तुझ्या ‘नको’ला किंमत आहे. आपल्याकडे किती मुलींच्या ‘नको’ला ती मिळते? त्यामुळे मी आता आग्रह सोडला नाही, पण एकदाच करते आणि ‘भांडं इथं ठेवलंय, हवं तेव्हा घे’ म्हणते.

सेन्सरचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि त्याकडे तू लक्ष द्यायला हवं. जेवण हुकलं तर चिवडा खाता येतो. १६ दिवसांचं पाणी वाहून गेलं ते गेलं. तुझ्या गाइडनी ‘ठीक वाटतंय का?’ विचारलं तो खरोखरचा प्रश्न होता. त्यांना वर्गातल्यासारखी मान डोलावणारी मुलं नको आहेत. त्या पाइपाशी त्यांना चार जास्तीचे डोळे हवे आहेत, म्हणूनच ते तुला पगार देतात. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूससुद्धा पाइपाच्या तोंडाशी वाकून बघत नसेल तर त्याला तळ दिसत नाही. तुला दिसला.

आम्हाला वाईच्या शाळेत सरांची चूक दाखवणं उर्मटपणा होता. फळ्यावर चुकीचं उत्तर आलं तरी आम्ही ते तसंच उतरवून घ्यायचो आणि घरी दुरुस्त करायचो. ही सवय सुटायला मला एक युक्ती उपयोगी पडली. ‘हे चुकलंय’ म्हणायला जीभ वळायची नाही, म्हणून मी ‘मला एक समजत नाहीये’ म्हणायला लागले. ‘पाणी कमी झालं तर सेन्सर कोरडा राहील का, हे मला समजत नाहीये.’ त्यात आपली रीतही सांभाळली जाते आणि कामही होतं. वर्षभरानं त्या काठीची गरज उरली नाही.

ऑफिस अवर्सला जातोस का? मी पहिलं सत्र गेलेच नाही. दारावर मंगळवार दोन ते चार लिहिलेलं असायचं आणि मला वाटायचं, या वेळात सर ऑफिसचं काम करतात, त्यांना त्रास द्यायचा नाही. तो वेळ आपल्यासाठीच असतो हे मला डिसेंबरात कळलं, एका विषयात सी मिळाल्यावर. विचारायचा प्रश्न नसेल तरी जा. गृहपाठाचा कागद घेऊन बस.

अजून एक, जे मी सहसा कुणाला सांगत नाही. पहिल्याच सत्रात आम्ही चार भारतीय मुलींनी एका गृहपाठाची उत्तरं एकत्र सोडवली आणि जवळजवळ सारखीच लिहून दिली. मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. मैत्रिणीला वही न देणं हे मला वाईट वाटलं असतं. चौघींना शून्य मिळालं आणि विभागातून पत्र आलं. त्या पत्रातला एक शब्द मला आजही नीट उच्चारता येत नाही, इतकी लाज वाटली होती. प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये मिळून काय करायचं आणि एकट्यानं काय करायचं हे लिहिलेलं असतं. ते पान वाच. नसेल लिहिलं तर विचार.

हाक मारायचं म्हणशील, तर पहिल्या वर्षी ‘डॉक्टर’ लावून आडनाव घेतलंस तरी कुणी हसणार नाही. ते ईमेलच्या खाली सही कशी करतात ते बघ. नुसतं नाव लिहीत असतील तर त्यांना तेच हवंय. मला पहिलं नाव घ्यायला दोन वर्षं लागली आणि पहिल्यांदा घेतलं तेव्हा आवाज बसला होता.

त्या मुलीच्या आईला काय म्हणायचं हा प्रश्न तुला नक्की पडणार, म्हणून आत्ताच सांगते. ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं सरळ विचार, त्या नाव सांगतील. पण मनातल्या मनात तुला जे म्हणायचं ते म्हण. १८८३ साली आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षी नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेत आल्या तेव्हा न्यू जर्सीत रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. त्या बाईंनी एका मिशनरी मासिकातलं गोपाळरावांचं पत्र वाचून ओळखदेख नसताना आपणहून पत्र लिहिलं होतं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर होईपर्यंत त्या परक्या देशात हे एक नातं त्यांनी आपल्या भाषेतलं करून घेतलं होतं. मी पहिल्या हिवाळ्यात, खिडकीला आतून बर्फ धरायचा तेव्हा, याचा फार विचार करायचे.

जा तू. आणि पहिल्यांदा वाढायला आले की ‘हो’ म्हण.

नांदेड_शिकागो | १५ नोव्हेंबर

भावा, वरच्या दोघांचं पटतंय, आणि तू जावंस असंच मलाही वाटतं. पण ‘इथं कुणी विचारत नाही’ याची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी इथं आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याच लोकांच्या एका जेवणाला गेलो. पुरणपोळी होती, मी आनंदात होतो. एका काकांनी नाव विचारलं, मी पहिलं नाव सांगितलं. आडनाव विचारलं, सांगितलं. मग गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला. मला ते प्रश्न पाठ आहेत. ते कुठं जाऊन थांबतात तेही पाठ आहे. आग्रह तिथंही होता, ताटात पोळी पडत होती, पण त्यानंतर मला घास गिळवला नाही. मी परत गेलो नाही.

माझ्या लॅबमधल्या लोकांनी मला दोन वर्षांत आडनावाचा अर्थ विचारलेला नाही. त्यांना त्यात काही दिसतच नाही. तुला जे तुटलेपण वाटतं त्यात मला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. दोन्ही खरं आहे. वाईच्या ताई म्हणाल्या तसं इथं ‘नको’ला किंमत आहे, आणि माझ्या दृष्टीनं न विचारण्यालाही आहे.

आणि खाण्यावरून अडणं, घर शोधत फिरणं हे आपल्या आधीही झालंय. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले तेव्हा आधी हार्टली हॉलमध्ये उतरले. तिथलं जेवण मानवेना म्हणून आठवडाभरात बाहेर पडले, काही दिवस कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले आणि मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ती मैत्री त्यांना आयुष्यभर पुरली. पुढे त्यांनी लिहून ठेवलंय की आपल्या आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र कोलंबियातले काही वर्गमित्र आणि तिथले प्राध्यापक होते. मी न्यूयॉर्कला गेलो तेव्हा पहिल्यांदा तिथं जाऊन उभा राहिलो.

तुला गाडीत बसवून घरी ये म्हणणारी मुलगी भेटलीय. मला अशी माणसं इथंच भेटली. मेसेज कर.

घरची_फोडणी | १५ नोव्हेंबर

फक्त खाण्याबद्दल. काही करून नेणार असशील तर आधी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का विचार. आपण दाण्याचं कूट विचार न करता घालतो, इथं ते जिवावर बेतू शकतं. काजू-बदामाचंही विचार आणि डब्यावर चिठ्ठी लाव.

साधा रव्याचा शिरा ने, केळं घालून. लहान पोरंसुद्धा खातात. मसालेभात करणार असशील तर फोडणी करताना आधी पंखा लाव, खिडकी उघड, मिरच्या शेवटी टाक. आमच्या इमारतीत माझ्या फोडणीनं धुराची घंटा वाजून तीन मजले जानेवारीत बाहेर उभे राहिले होते. एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगावर नुसता गाऊन होता. मी धावत जाऊन माझी शाल दिली. घंटेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधू नकोस, काही मुलं बांधतात. ते बेकायदेशीर तर आहेच, आणि खरी आग लागली तर कळणार नाही.

माणकाठ | १६ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. काल दुपारी मेसेज केला. एडिसनच्या काकांनी सांगितलं तेवढाच, चार ओळींचा. पाठवायचं बटण दाबायला वीस मिनिटं लागली. तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘हो! आईला सांगते. बुधवारी चारला निघू या. गोमांस नाही, लक्षात आहे.’ गोमांसाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. लॅबबरोबर जेवताना कधीतरी माझ्या ताटाकडे तिनं बघितलं असणार.

नांदेडच्या दादा, तुमचं वाचून मी गप्प झालो. आमच्या घरी पाहुण्याला गाव कुठलं, घर कुठल्या आळीत, हे माझे आजोबा पहिल्यांदा विचारायचे आणि मला ते आपुलकीचं वाटायचं. समोरच्याला काय वाटत असेल हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

ताई, सोमवारी ऑफिस अवर्सला जातोय.

माणकाठ | १ डिसेंबर

जाऊन आलो. सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सोमवारी आधी गाइडकडे गेलो होतो. दारावर टकटक केली, थांबलो नाही, आत गेलो. म्हणालो, ‘दुसऱ्या शेतातल्या सॅम्पलरची वेळ मला समजत नाहीये.’ त्यांनी खुर्ची ओढून दिली. वेळ बरोबर होती, चूक माझीच होती, पण आम्ही पाऊण तास बोललो. नाव अजून घेतलेलं नाही. ‘डॉक्टर’पर्यंत आलोय.

थँक्सगिव्हिंगचं जेवण रात्रीचं असेल असं मला वाटलं होतं. ते दुपारी एकला होतं. टीव्हीवर डेट्रॉइट लायन्सचा फुटबॉलचा सामना चालू होता आणि त्या मुलीचे आजोबा आवाज बंद करून बघत होते. जेवणाआधी सगळ्यांनी हात धरले आणि एकेकानं यावर्षी कशाबद्दल आभारी आहे ते सांगितलं. माझी पाळी येईल हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, ‘तुमच्या शेतातून वाहणाऱ्या पाण्याबद्दल. आमच्या गावाला एवढं पाणी बघायची सवय नाही.’ आजोबांनी मान वर केली आणि विचारलं, तुमच्याकडे पाऊस किती पडतो. मी सांगितलं, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, इथं ९०० च्या आसपास. इंचात करून सांगितल्यावर त्यांनी काटा खाली ठेवला.

तिच्या आईंनी विचारलं, ‘अजून टर्की देऊ?’ मी पहिल्याच वेळी ‘हो, प्लीज’ म्हणालो. शब्द बाहेर पडताना कान गरम झाले. त्यांनी वाढलं. पुढे भोपळ्याचं गोड सारण भरलेला ‘पाय’ नावाचा पदार्थ आला, मी तिथंही हो म्हणालो. शिरा नेला होता, चिठ्ठी लावून. आजींनी दोनदा घेतला आणि दुसऱ्यांदा घेताना स्वतःच उठून आल्या, कुणी आग्रह करायची वाट न बघता.

जेवणानंतर आजोबा मला गोठ्याच्या मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथं भाजक्या मातीच्या नळ्या रचून ठेवल्या होत्या, हातभर लांबीच्या, आमच्या जुन्या कौलांसारख्या लाल. त्यांच्या वडिलांनी हातानं चर खणून एकेक जोडत बसवल्या होत्या. नवे पाइप टाकताना खणून वर आल्या त्या यांनी टाकून दिल्या नाहीत. ‘टाइल’ हे नाव का पडलं ते मला तिथं हातात घेतल्यावर कळलं. त्यांनी विचारलं, ‘आमच्या पाण्यातून खत नदीत जातं असं म्हणतात, तू मोजतोस, खरं सांग.’ आयोवाची राजधानी डी मॉइन, तिथलं पाणीपुरवठा खातं नायट्रेट काढायला वेगळं यंत्र चालवतं हे त्यांना माहीत होतं. मी त्यांच्या घरचं खाऊन आलो होतो, वयानं ते माझ्या आजोबांएवढे. तरी खरं सांगितलं: जातं, आणि पावसाळी वसंतात जास्त जातं. ते बराच वेळ त्या नळीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, मार्चमध्ये ये, पूर्वेकडच्या पाइपाचं पाणी आपण मोजू.

शुक्रवारी निघताना मी दारात ‘येतो’ म्हणालो आणि खरं निघायला चाळीस मिनिटं लागली. आधी दारात बोलणं, मग पायरीवर, मग गाडीची काच खाली करून. माझी आत्या सोलापूरला निघते तेव्हा अगदी असंच होतं. लॅबमधली मुलगी म्हणाली, आमच्याकडे सगळे असेच निघतात.

आईंनी काचेच्या भांड्यात उरलेली टर्की आणि बटाटे बांधून दिले. भांडं परत द्यायचंय, ती मुलगी पुढच्या शनिवारी घरी जाणार आहे. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. तर मंडळी, त्यात काय घालून पाठवू? आजींना अक्रोड चालत नाहीत, बाकी सगळं चालतं.

घरची_फोडणी | १ डिसेंबर

बेसनाचे लाडू. तूप मंद आचेवर, घाई करू नकोस, आणि बेसन भाजताना पंखा लाव.